बाब्या, उठला का

२१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

आज सकाळी मी गेलेल्या माणसाच्या नावाने मेसेज पाठवला.

लिहून पाहिलं, कसं दिसतं ते. वाईट दिसतं.

मोठे काका – बाबांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, थोरले भाऊ शरच्चंद्र – काल पहाटे नागपुरात गेले. झोपेतच. बाबा इथे रायपूरला हॉस्पिटलमध्ये, बायपास होऊन आठवडा व्हायचाय. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, दोन आठवडे कुठलाही धक्का नको, नंतर बघू. माझा नवरा जयंत प्लांटमध्ये डबल ड्यूटी आहे असं सांगून नागपूरला गेला, काकांना अग्नी देऊन आज पहाटे परत आला. येताना काकांचा फोन घेऊन आला. कुमुदने, म्हणजे काकांच्या मुलीने, रडत रडतच दिला म्हणे.

फोन आणण्याचं कारण असं. काका रोज सकाळी बाबांना क्रिकेटचा दिनविशेष पाठवतात. पाठवायचे. आज कोणाचा जन्म, आजच्या दिवशी कुठल्या सामन्यात काय झालं. खाली बाबा आपली भर घालतात. काकांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे दोघा भावांचं जे काही बोलणं ते असं बोटांनीच. काल मेसेज आला नाही. संध्याकाळपर्यंत बाबांनी चारदा विचारलं.

मी म्हटलं, नेटवर्क नसेल.

"दादाले नेटवर्क नसलं तं तो गच्चीवर जाते," बाबा म्हणाले.

सांगायचं की नाही यावर काल जयंत निघण्याआधीच कॉरिडॉरमध्ये बोलणं झालं होतं. शेवटी आईच म्हणाल्या, "नाही सांगायचं. मले एका आठवड्यात दोन नाही पायजेत."

लिहायला जयंतला जमेना. फोन हातात घेतला की त्याचे डोळे भरतात. मग मी. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही. पण तारीख तपासणं हे माझं रोजचं काम आहे. शंकर नगरच्या ऑफिसात बसून मी अठरा वर्षं पाठ्यपुस्तकांची प्रुफं वाचते आहे.

काकांची सुरुवात ठरलेली. "बाब्या, उठला का". पुढे प्रश्नचिन्ह नाही, काही नाही. मी लिहिलं – बाब्या, उठला का. आज जस्टिन लँगरचा वाढदिवस. १९७०, पर्थ.

दहा मिनिटांत उत्तर. "उठलो. उठवून बसवलं मले. लँगर डावा, चिवट. हेडनचा जोडीदार."

हेडन कोण ते मी नंतर पाहिलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बाबा घरी आले. समता कॉलनीतला आमचा पहिला मजला, चौदा पायऱ्या. जयंत आणि शेजारचा अनिमेष यांनी खुर्चीतून वर आणलं. अनिमेषने पेढे आणले होते. बाबांनी हातात घेतला, पाहिला, परत डब्यात ठेवला. "तोंडाले चव नाही."

घरात सुतक. आई देवाला हात लावू शकत नाहीत, मीही नाही, माझी लेक पिंकीही नाही. आणि दिवा तर लागला पाहिजे, नाही तर बाबा विचारतील. आईंनी खालच्या सुशीलादीदींना बोलावलं. सुशीलादीदींना सगळं माहीत आहे. "हव, मैं जला दूंगी," म्हणाल्या आणि डोक्यावर पदर घेऊन आत आल्या. बाबा हॉलमध्ये पलंगावर होते. आई त्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माहे गुडघे नाही वाकून राहिले, मंजिरीले ऑफिसचं काम आहे."

आज शनिवार आहे.

बाबा दिव्याकडे पाहत पडून राहिले.

२३ नोव्हेंबर, रविवार

काकांच्या फोनवरचे जुने मेसेज वाचत बसले. दुसऱ्याचं बोलणं वाचू नये. पण न वाचता त्यांच्यासारखं लिहिणार कसं? हा युक्तिवाद माझाच, आणि तो मला पटला. अलीकडे मला माझे युक्तिवाद फार लवकर पटतात.

काकांची माहिती अफाट. पण वय दिसायला लागलं होतं. मधूनमधून चुका, आणि त्याही अगदी साध्या. यंदाच्या २५ जूनला लिहिलंय, त्र्याऐंशीच्या फायनलला भारत १८४ वर ऑलआउट. खाली बाबा – "नो बॉल. १८३." दहा जुलैला गावसकरांचा जन्म पुण्याचा सांगितलाय. बाबा – "नो बॉल. मुंबई." अशा कितीतरी. इतकं सगळं पाठ असलेला माणूस १८३ विसरतो! ब्याऐंशी वर्षांचे होते, होणारच.

बाबा किती हळुवार सुधारतात पण. चूक म्हणत नाहीत, नो बॉल म्हणतात.

मी ठरवलं. माझ्याकडून अशी एकही चूक जाणार नाही. काकांच्या नावाने जातंय ते. निदान ते तरी खरं असावं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बाब्या, उठला का. आज इयान बोथमचा वाढदिवस. १९५५.

दोन ठिकाणी तपासून पाठवला. बाबांचं उत्तर – "हाणायचा अन् दांड्याही उडवायचा. दोन्ही कामं एकच माणूस करे."

काकांचा फोन मी कणकेच्या डब्यात ठेवते, आवाज बंद करून. पिंकीने पाहिलं. "मम्मी, बड़े दादाजी को आटे के डिब्बे में रखा है आपने," म्हणाली. हसली, आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. नंतर म्हणाली, "ये चीटिंग है न?"

मी म्हटलं, आजोबांसाठी आहे.

"हां, पर है तो."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कुमुदचा फोन. आधी बाबांची चौकशी केली. मग म्हणाली, "वहिनी, एक विचारू? लोकं भेटायले येऊन राहिले. सगळे विचारतात, बाबाराव नाही आले? काय सांगू?"

सांग की ऑपरेशन झालंय.

"ते सांगते मी. पण आज सकाळी मी बाबांचं वॉट्सॅप पाहिलं माझ्या फोनवरून. ऑनलाइन होते ते. वहिनी, माहा जीव गेला एक सेकंद." मग म्हणाली, "तुम्ही लोकं माझ्या बाबांना मरू देऊन नाही राहिले."

तिला राग नव्हता. तिच्या वडिलांसाठी त्यांच्या सख्ख्या भावाने अजून एक अश्रू ढाळलेला नाही. तो ढाळण्याचा त्यांचा हक्क मी कणकेच्या डब्यात ठेवलाय.

आईंना सांगितलं. आई भाजी निवडत होत्या. "कुमुदचं बरोबर आहे," म्हणाल्या. आणि निवडत राहिल्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आजची तारीख पाहायला गेले आणि फिलिप ह्यूज समोर आला. ऑस्ट्रेलियाचा. सव्वीसाव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले होते. चेंडू मानेवर लागला, दोन दिवसांनी आजच्या तारखेला गेला. तेव्हा तो त्रेसष्टवर खेळत होता. आधी त्याच्या नावापुढे जखमी होऊन निवृत्त असं होतं, नंतर ते बदलून नाबाद केलं. कायमचा त्रेसष्ट नाबाद.

क्रिकेटमधलं हे मला पहिल्यांदा कळलं. ऑफिसात बाथरूममध्ये जाऊन आले.

काकांनी हे नक्की पाठवलं असतं. गेल्या वर्षीचा मेसेज आहेच – "बाब्या, आज ह्यूज. दोन मिनिटं गप्प." आणि खाली बाबांचं – "गप्प."

मी पाठवला सुरेश रैनाचा वाढदिवस. तोही आजच. तोही खराच. पण खरं निवडून पाठवणं म्हणजे खरं बोलणं का? प्रुफात एखादा परिच्छेदच गळला तर त्याला आपण चूकच म्हणतो.

बाबांचं उत्तर संध्याकाळपर्यंत आलं नाही. मग आलं. एकच शब्द. "गप्प."

मला वाटलं दमले असतील.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज काकांचा दहावा. नागपुरात घाटावर कुमुदच्या नवऱ्याने केलं. जयंत प्लांटमध्ये. या वेळी खरंच.

बाबा आज लवकर उठले. हॉस्पिटलमधून आल्यापासून दाढी करू देत नव्हते; चेहऱ्यावर पांढरं रान माजलं होतं. आज स्वतःहून म्हणाले, "न्हाव्याले बोलाव." तो येऊन गेल्यावर आंघोळ केली, आईंच्या आधाराने. नंतर मी पाहिलं तर गॅलरीत उभे. हातात तांब्या. हळूहळू कुंडीत पाणी सोडत होते.

"बाबा, काय करताय? उभं राहू नका."

"कुंडीले पाणी घालून राहिलो."

त्या कुंडीत उन्हाळ्यापासून काही नाही. नुसती माती. माणसाला अशक्तपणात कुठे लक्ष राहतं. हात धरून आणून बसवलं. हात गार होता.

आई दारातच उभ्या होत्या. त्यांना हाक मारली तर ओ दिली नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सुतक फिटलं. दिवा आज आईंनी लावला. गुडघे बरे झाले असं बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं झालं."

१ डिसेंबर, सोमवार

बाब्या, उठला का. आज मोहम्मद कैफचा वाढदिवस. १९८०, अलाहाबाद.

उत्तर – "लॉर्ड्स. नॅटवेस्ट फायनल. तो अन् युवराज. १३ जुलै २००३."

२००३? मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. २००२ आहे.

बाबा चुकले. बाबा तारीख कधीच चुकत नाहीत. भुलीच्या औषधाचा मेंदूवर परिणाम राहतो असं कुठेतरी वाचलं होतं, ते दिवसभर डोक्यात. काकांच्या नावाने सुधारू का? हात फोनवर नेला. पण आजारी माणसाला त्याची स्मृती जातेय हे त्याच्या भावाच्या तोंडून का ऐकवायचं? नाही सुधारलं. नुसतं "हो" पाठवलं.

डॉक्टरांना गुरुवारी विचारायचं. जयंतला सांगितलं तर तो पानावरून उठला. "बाबा तारीख चुकले?" एवढंच म्हणाला.

२ डिसेंबर, मंगळवार

तेरावा. जयंत टूर सांगून नागपूरला. आमच्याकडे साधा वरणभात. कुमुदने फोटो पाठवला, काकांचा, हार घातलेला. आईंना दाखवला. आईंनी फोन छातीशी धरला. बाबा पलीकडच्या खोलीत झोपलेले, दार लोटलेलं. रडणंसुद्धा चोरून.

उद्या नवा रायपूरला सामना आहे. भारत – दक्षिण आफ्रिका. अनिमेषकडे दोन पास आहेत, तो पिंकीला घेऊन जाणार.

३ डिसेंबर, बुधवार

रजा घेतली. सकाळी पाठवलं – बाब्या, उठला का. आज मिताली राजचा वाढदिवस. १९८२. आणि आज तुमच्या गावात सामना.

तुमच्या! पाठवल्यावर लक्षात आलं. काका बाबांना अरेतुरे करायचे. "तुझ्या गावात" हवं होतं. पुसता आलं असतं, पण बाबांनी वाचलं होतं.

उत्तर – "सामना दीडले. गच्चीवर नको जाऊ."

दुपारी बाबांना खुर्चीत बसवलं. गुडघ्यावर शाल. नेहमीची जागा, टीव्हीच्या उजवीकडे. डावीकडची वेताची खुर्ची काकांची; ते यायचे तेव्हा. मी तिच्यावर बसायला गेले तर बाबा म्हणाले, "पलंगावर बस."

मग आपणहून बोलायला लागले. ऑपरेशननंतर इतकं पहिल्यांदाच.

"तुले माहीत आहे का, रायपुरात पहिला सामना झाला तेव्हा दादा आला होता. दोन हजार तेवीसची जानेवारी. न्यूझीलंड पंधरावर पाच."

मला माहीत होतं. डबे मीच भरून दिले होते, ते गेटवर काढून घेतले.

"पब्लिक अशी ओरडून राहिली होती का कान फाटतील. अन् दादा मले विचारते, बाब्या, आवाज कसा आहे? आता त्याले कसं सांगू? मी त्याचा हात धरला अन् समोरच्या लोखंडी पाइपावर ठेवला. तो पाइप थरथरून राहिला होता. पाचवी विकेट पडली तेव्हा दादा पाहून नव्हता राहिला, मंजिरी. डोळे मिटून पाइप धरून बसला होता."

मी चहा टाकते म्हणून आत गेले.

ऋतुराज गायकवाडचं शतक झालं. बाबांनी टाळी वाजवली, छाती सांभाळून. फोन उचलला. "दादाले कळवतो. आपल्या मराठी पोट्ट्यानं रायपुरात शंभर मारले."

मी उठले. कणकेचा डबा. मेसेज आलाच होता. काय लिहावं? काकांनी काय लिहिलं असतं? बोटांना कणीक. लिहिलं – पाहिलं बाब्या. फार सुंदर खेळला.

बाहेर आले. बाबा फोनकडे नाही, माझ्या हातांकडे पाहत होते.

"पोळ्या करून राहिली का?"

"हो."

"बरं."

मग कोहलीचंही शतक झालं. त्यावर बाबांनी काकांना काही लिहिलं नाही. ३५८ झाले. जेवणानंतर मी टीव्ही बंद केला, डॉक्टरांनी जागरण नको सांगितलंय. बाबांनी वाद घातला नाही. आडवं होताना म्हणाले, "हारले असले तरी सकाळी सांगजो. लपवू नको."

४ डिसेंबर, गुरुवार

हरले. ३५८ करून हरले. सकाळी उठल्या उठल्या सांगितलं. बाबा म्हणाले, "दव पडलं असन." आणि चहा प्यायले. झालं. धक्का वगैरे काही नाही.

काकांच्या नावाने आज काही पाठवलं नाही. बाबांनी विचारलंही नाही.

अकरा वाजता डॉक्टर. टाके छान, बीपी छान. बाबांना तंत्रज्ञ इसीजीला घेऊन गेला तेव्हा मी तारखेबद्दल विचारलं. नॅटवेस्टचं सांगितलं. डॉक्टर बंगाली; इसीजीच्या खोलीत जाऊन आले आणि म्हणाले, "मैंने अभी उनसे पूछा था, नैटवेस्ट फाइनल कब हुआ था. बोले, तेरह जुलाई दो हज़ार दो. शनिवार था. आप अपना ख़याल रखिए."

मग २००३ का लिहिलं?

आता सांगायला हरकत नाही, असंही म्हणाले. सावकाश, सगळे जवळ असताना.

घरी आल्यावर जयंत बाबांसमोर बसला. मी बसले. आई दारात. जयंतने "बाबा" म्हटलं आणि पुढे शब्दच नाही. बाबा वाट पाहत होते, आम्हा दोघांकडे आळीपाळीने. मी म्हटलं, "बाबा, डॉक्टर म्हणाले, उद्यापासून वरणात थोडं तूप चालेल."

"चालन," बाबा म्हणाले.

उद्या सकाळी मीच सांगणार. चहाच्या आधी. वाक्य ठरवलंय. चार शब्दांचं आहे. दुसरा कुठलाही दिनविशेष पाठवायचा नाही, हेही ठरवलंय, तरी सवयीने उद्याची तारीख तपासून ठेवलीच – शिखर धवन, ५ डिसेंबर १९८५, दिल्ली.

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी फोन वाजला. काकांचा नाही. माझा. बाबांचा मेसेज, शेजारच्या खोलीतून –

"मंजिरी, उठली का. मी घरी आलो त्या सांजेले दिवा सुशीलानं लावला, तेव्हाच समजलो. तू रोज लिहीत होती, मले बरं वाटे, म्हणून नाही बोललो. पण दादा हप्त्यातून एक तरी खोटं मुद्दाम टाके, मले पकडाले. तुह्या एकातही नव्हतं. मी टाकलं, तं तू सोडून दिलं. कुमुदले आज फोन लावून दे. आज शिखर धवनचा वाढदिवस. १९८५, मुंबई."

बराच वेळ दिसेना काही. मग लिहिलं –

नो बॉल. दिल्ली.